दोन नंबर आला न्हाई

बचत गटांच्या बायकांना मोबाइल वापरायला शिकवणं हे माझं काम. पालीच्या पुढच्या एका गावात त्या दिवशीचा विषय होता ‘इंटरनेट कसं चालतं’. जागा देवळाचा सभामंडप. मी मुद्दे काढून नेले होते: उगम, तारा, तुकडे, राऊटर, पत्ता, सर्व्हर.

उगम लवकर आटपला. अमेरिकेत दोन शहरांतले कॉम्प्युटर तारेनं जोडले, ‘लॉगिन’ हा शब्द पाठवायला घेतला, त्यातली पहिली दोन अक्षरं पोचली आणि पलीकडचं यंत्र बंद पडलं, असं मी सांगितलं.

“मंग ते बी आपल्यावानीच की,” शेळ्या राखणारी एक आजी म्हणाली. “एवढे शिकून सवरून.”

समुद्राच्या तळातून तारा गेल्यात, हेही त्यांनी मान्य केलं. पण आपला निरोप तुकडे होऊन जातो आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या वाटेनं जाऊ शकतो, यावर कोणाचा विश्वास बसेना.

“तुकडे कावून करायचे?” पिठाची गिरणी चालवणारी म्हणाली. “अख्खा जात न्हाई व्हय?”

मी म्हटलं, करूनच पाहू. गावाच्या दुसऱ्या टोकाला चार शब्दांचा निरोप पाठवायचा. चौघींनी एकेक शब्द न्यायचा. तिथं तीनच गोष्टी सांगायच्या: कोणाकडून, कितवा तुकडा आणि शब्द. जास्तीचं अवाक्षर नाही. निरोप मात्र खरा हवा.

खांबाशी बसलेली एक बाई म्हणाली, “माझ्या धाकट्या जावंला धाडा. हळदीला आल्याशिवाय राहू नकोस.”

गिरणीवालीनं माझ्या कानात सांगितलं, की घरं वेगळी झाल्यापासून या दोघी जावा बोलत नाहीत. थोरलीच्या मुलीचं लग्न याच आठवड्यात होतं आणि मुलगी हटून बसली होती. जिनं मांडीवर वाढवलं त्या काकूचा हात लागल्याशिवाय ती हळद लावून घेणार नव्हती.

तुकडे वाटले. एक ‘हळदीला’, दोन ‘आल्याशिवाय’, तीन ‘राहू’, चार ‘नकोस’. चौकात कोणी कोणत्या बोळानं जायचं हे सांगायला गिरणीवाली उभी राहिली, म्हणजे राऊटर. मी पुढं जाऊन धाकटीला नियम समजावले. ती सुपात तूर पाखडत होती.

पहिला पोचला तो चौथा. “थोरलीकडून. चार. नकोस.”

धाकटीचं सूप थांबलं. “काय नको?”

“म्हाईत न्हाई. मला येवढंच दिलंय.”

मग एक आला, मागोमाग तीन. धाकटीनं शब्द जुळवले. “हळदीला राहू नकोस.” तिनं सूप आदळलं. “हे सांगायला बाया धाडल्या? लईच मान! न्हाई येत म्हनावं!”

राहिलेला शब्द मला ठाऊक होता. सांगून टाकावा असं दोनदा मनात आलं. पण नियम मीच केलेला. मी एवढंच म्हटलं, “नंबर मोजा.”

तिनं बोटांवर मोजलं. “एक. तीन. चार.” मग माझ्याकडं पाहिलं. “दोन नंबर कुठाय?”

दोन नंबर आजीकडं होता आणि आजीची शेळी वाटेत कुणाच्या तरी घासाच्या वाफ्यात शिरली होती.

“थोरलीला सांगा,” धाकटी म्हणाली, “दोन नंबर आला न्हाई.”

थोरलीनं आता कोणा एकीवर भरवसा ठेवला नाही. मंडपातल्या साऱ्या बायका “थोरलीकडून, दोन, आल्याशिवाय” म्हणत अंगणात घुसल्या. शेवटी आजी शेळीचा कान धरून आली. “दोन. काईतरी व्हतं बग बाई.”

“आलं, आलं! बास करा!” धाकटी ओरडली. मग तिनं चौघींना जवळ बोलावलं आणि उत्तर दिलं, तेही नंबर घालून. मी ते न ऐकता घाईनं मंडपात परतले.

पहिली आली. “धाकटीकडून. चार. न्हाई.”

थोरली मटकन खाली बसली. “बघा. म्हटलं व्हतं मी.”

“नंबर मोजा,” मी म्हटलं.

मग दोन आला, ‘हळद’. मग तीन, ‘चालायची’. एक नंबर धापा टाकत आला, ‘इकतची’, म्हणजे विकतची.

इकतची हळद चालायची न्हाई.

मला काही उलगडेना. बायका मात्र हसत सुटल्या. गिरणीवाली चौक सोडून आत आली. लग्नाची हळद घरच्या जात्यावरच दळायची, आणि वाटणीत त्या जात्याचा खालचा दगड थोरलीकडं आणि वरचा धाकटीकडं गेला होता, असं तिनं सांगितलं. तेव्हापासून दोन्ही घरांचं दळण हिच्याच गिरणीवर.

थोरली उठली. “सांगा तिला, खालचा दगड धुऊन ठिवते. वरचा घिऊन ये म्हनावं.”

चौघी लगेच तिच्यापुढं रांगेत उभ्या राहिल्या आणि नंबर मागू लागल्या.

“नंबर कशाला गं?” थोरली म्हणाली. “दगडाचे तुकडे करता का काय? अख्खा आना त्यो!”