सावडीला गेलेले धोंडिबा

हसणार नाही असं आधी कबूल करा. नुसती मान नका हलवू, तोंडाने म्हणा! हं. आता ऐका. गेल्या पावसाळ्यात मी एक माणूस मारला. चांगला धडधाकट, स्वतःच्या पायावर उभा असलेला माणूस! बोटसुद्धा लावलं नाही त्याला. नुसत्या माझ्या मराठीने मारला.

आणि मराठी म्हणजे काय साधीसुधी वाटली? एम.ए. आहे मी मराठीत! सोसायटीत कुणी 'मी त्याची मदत केली' म्हणालं, तर जिन्यात थांबून 'त्याला मदत केली' असं सुधारून मगच वर जाणारा माणूस मी. बायको म्हणते, एक दिवस मार खाशील.

शिकवणीचे वर्ग बंद पडले तेव्हापासून मी सर्व्हेची कामं करतो. घरोघर जायचं, टॅबलेट उघडायचा आणि विचारायचं. घरात कोण काय काम करतं? पगारी की बिनपगारी? नेमणुकीचा कागद आहे का? भरपगारी रजा मिळते का? धंदा असेल तर तो कुठे नोंदवलाय का? कागदाशिवाय, रजेशिवाय राबणारी माणसं देशात किती, ते यातून मोजायचं. याला म्हणतात अनौपचारिक रोजगार.

विचारणाऱ्याला स्वतःला रजा असते का, ते विचारू नका. चहा गार होतोय, प्या.

तर मला भोर तालुका मिळाला. पहिल्याच दिवशी शिवऱ्याला हायवेच्या कडेला सुमनताईंची चहाची टपरी लागली. मी माझ्या शुद्ध मराठीत विचारलं, "ताई, आपला व्यवसाय अनौपचारिक आहे का?"

"न्हाई ओ सर," बाई घाबरून म्हणाली, "गॅसवरचा हाय!"

मोठी गोड बाई. मुलाखत झाल्यावर जास्तीचं आलं घालून चहा दिला आणि म्हणाली, "तुमी हिर्डोशीकडं जानार न्हवं? वरल्या वाडीत माझं म्हायार हाय. माझ्या आबांना भेटा, सुमन बरी हाय म्हनावं. टपरी सोडून जाताच येत न्हाई बगा. दोन वर्सं झाली, आबांचं तोंड बगितलं न्हाई. भावाचा फोन तितं लागत न्हाई. तुमीच मला त्यांची खुशाली कळवा."

मी नंबर घेतला. आणि योग बघा, माझं शेवटचं घर नेमकं तिच्या आबांचंच निघालं. धोंडिबांचं.

इथे आमच्या सुपरवायझर शिंदे मॅडम मध्ये येतात. त्यांनी आधीच दम दिला होता, "ठरलेलं घर बदलता येत नाही. माणसं भेटली नाहीत, कुलूप होतं, ही कारणं पुन्हा आली तर पुढच्या फेरीला तुम्ही नाही." म्हणजे धोंडिबा भेटणं माझ्या पोटापाण्याच्या दृष्टीने अत्यंत गरजेचं होतं.

हिर्डोशीला यष्टीतून उतरलो आणि डोंगर चढून वाडीत पोचलो. वाटेत खाचराखाचरांतून भाताची लावणी चाललेली. मी बघितली. सुंदर आहे म्हणालो. डोक्यात मात्र काडीचाही प्रकाश पडला नाही.

वाडीत चिटपाखरू नाही. धोंडिबांच्या ओट्यावर एक म्हातारी वाल निवडत बसलेली. ही धोंडिबांची थोरली बहीण. कानाने कमी आणि तोंडात एकही दात नाही.

"आजी, घरात कोण आहे?" मी ओरडलो.

"कोन न्हाई रं बाबा. समदी शावडीला ग्येल्यात."

"सावडायला?"

"व्हय व्हय. शावडीला."

तुम्हीच सांगा, सावडायला गेलेत म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? स्मशान, राख, अस्थी! दुसरं काय येणार? मी टोपी काढली, छत्री मिटली आणि भिजत उभा राहिलो.

"कधी झालं हो आजी?"

"आमचं व्हय? परवाच उराकलं."

परवा! म्हणजे आज तिसरा दिवस. आणि सावडतात कधी? तिसऱ्याच दिवशी! बसला की नाही हिशोब चोख?

"कोण... धोंडिबा का?"

"त्योच की. त्योच पुढं ग्येला. बाकीची मागनं जात्यात."

काय ही निर्विकार वृत्ती! मला भरून आलं. मी म्हटलं, "खरंय आजी. सगळ्यांनाच जायचंय."

"मंग! समद्यांनीच जाया पायजे," म्हातारी म्हणाली. "आपुन न्हाई ग्येलं तर आपल्याकडं कोन यील?"

एवढं तत्त्वज्ञान मला एम.ए.च्या दोन वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. मी रुमाल काढला.

"फार त्रास झाला का त्यांना?"

"कंबार धरलीवती. राती शेक दिला, तवा कुठं ग्येला."

शेक देता देता गेला बिचारा! आता यात शंकेला कुठे जागा आहे? तुम्हीच माझ्या जागी असतात तर दुसरं काय समजला असतात? राहू दे, उत्तर नको.

म्हातारी चहा करायला उठली. सुतकातल्या घरी आपण चहा कसा घ्यायचा? मी हात जोडले. ती म्हणाली, "घी की. आमच्यात त्ये कायबी न्हाई." मी डोळे पुसत चहा घेतला.

मग मला सुमनताई आठवल्या. ती बाई आज शिवऱ्याला चहा विकत बसलीय आणि इकडे बापाला सावडतायत! सख्ख्या लेकीला कुणी कळवलं नाही? माझ्यातला सज्जन माणूस जागा झाला. हा माणूस झोपलेला असतो तेव्हाच बरा असतो.

वाडीच्या वर उंबराच्या झाडाखाली एक काडी रेंज येते. तिथे जाऊन आधी मॅडमना कळवलं की कुटुंबप्रमुख वारले. मग सुमनताईंना फोन लावला.

"ताई, मन घट्ट करा. आबा गेले. आज तिसरा दिवस. सगळे सावडायला गेलेत."

पलीकडे चहाचं पातेलं पडल्याचा आवाज आला. मग हंबरडा. मग एकदम राग, "आन् माझ्या भावानं मला कळीवलं न्हाई? बापाचं तोंडबी बगू दिलं न्हाई? त्याला आता मी बगतेच!"

फोन कट. मला वाटलं, आपण केवढं मोठं पुण्य केलं.

दुपार कलली तेव्हा टेम्पोचा आवाज आला. टेम्पो खाली रस्त्यावरच राहिला आणि सुमनताई पायवाटेने धावत आल्या, मागून चपला हातात घेऊन त्यांचे यजमान. वाडीच्या तोंडापासूनच सूर लागला होता, "आबाऽऽ, मला सोडून कुठं गेलात वोऽऽ..."

एवढा आवाज मात्र म्हातारीलासुद्धा ऐकू गेला. तिने मला विचारलं, "कोन म्येलं रं?"

मी गोंधळलो. मग वाटलं, वय झालंय, विसरली असेल. कानाशी वाकून ओरडलो, "आजी, धोंडिबा! धोंडिबा गेले!"

म्हातारीच्या हातातलं सूप पडलं, वाल अंगणभर. "आरं माज्या धोंड्याऽऽ! सकाळी तीन भाकरी खाऊन ग्येलास की रंऽऽ!"

आता झाली का पंचाईत? एकीच्या हिशोबाने धोंडिबा परवा वारलेले, दुसरीच्या हिशोबाने आत्ता. दोघी गळ्यात गळे घालून रडतायत. मध्येच सुमनताई म्हणतात, "आत्या, मला का गं न्हाई सांगितलं?" आणि आत्या म्हणते, "मला तरी कुठं ठावं हुतं गं माय! ह्ये मास्तर आत्ता बोललं!"

मी 'सकाळी भाकरी' या दोन शब्दांपाशी अडकलो होतो. पायाखालची जमीन हळूहळू सरकायला लागली होती.

तेवढ्यात ओढ्याकडून माणसं धावत वर आली. बायका, पुरुष, सगळे गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेले. सगळ्यांच्या पुढे एक उंच म्हातारा, डोक्यावर प्लास्टिकचा कागद, हातात भाताच्या रोपांची मूठ. आवाज ऐकून तसाच पळत आलेला. अंगणात शिरता शिरताच तो ओरडला, "कोन ग्येलं गं? कोन ग्येलं आपल्यातलं?"

सुमनताईंनी वर बघितलं आणि अशी किंकाळी फोडली की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला लागली.

"आबा! तुमी!"

"म्या?" धोंडिबांनी स्वतःच्या छातीवर हात ठेवून खात्री करून घेतली. "म्या कुठं ग्येलो? म्या पांडूच्या हितं सावडीला ग्येल्तो!"

"सावडीला?" मी विचारलं. माझा आवाज मांजरासारखा निघाला.

"सावडीला म्हंजी लावनीला ओ सर!" धोंडिबांचा मुलगा म्हणाला. "एकमेकांच्या रानात जायाचं. परवा समदी आमच्यात आली, आमची लावनी झाली. आज आमी पांडूकडं, उद्या आनखी कुनाकडं. तुमी काय समजलात?"

मी काय समजलो ते मी सांगितलं नाही. ते सुमनताईंच्या यजमानांनी सांगितलं.

मग त्या अंगणात काय हसू फुटलं म्हणता! बायका चिखलाच्या हातांनी पदर तोंडात कोंबून हसत होत्या. म्हातारीला शेवटी कळलं, तशी ती वाल वेचता वेचता मला शिव्या घालायला लागली. दात नसल्यामुळे निम्म्या शिव्या कळल्या नाहीत, ही देवाची कृपा.

सुमनताई तेवढ्या हसत नव्हत्या. त्यांनी आबांचा चिखलाचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला होता आणि सोडतच नव्हत्या. धोंडिबा म्हणाले, "गप, गप. म्या म्येलो म्हनून तरी आलीस न्हवं?" आणि स्वतःच डोळे पुसले, तर चिखल गालभर झाला. खोटं कशाला बोलू, मलाही रडू आलं. या वेळी ते योग्य जागी आलं, एवढाच फरक.

मी जाम घाबरलो होतो. मग आपलं कर्तव्य आठवून टॅबलेट उघडला. "आबा, गेल्या सात दिवसांत आपण काय काम केलंत?"

"सावड."

"मजुरी?"

"न्हाई."

"म्हणजे बिनपगारी."

"फुकाट कशी? त्ये येत्यात की आमच्यात!"

"बरं, मग मालक कोण?"

"आज पांडू. परवा म्याच हुतो."

टॅबलेट म्हणाला, एकच पर्याय निवडा. मी म्हटलं, जा रे.

तोवर पांडू हळूच म्हणाला, "पर माजं खाचर आर्दं ऱ्हायलं की." खरंच की, माझ्या रडारडीने त्याची लावणी थांबली होती. धोंडिबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "ल्येक आली, जावाय आला. हात वाढल्यात. चला समदी. आन् सर, तुमीबी. पँट वर करा."

गेलो. दुसरं तोंड होतं कुठे? मी लावलेली ओळ सापासारखी वाकडी गेली. शेजारची बाई म्हणाली, "सर, तुमच्या रोपांनी माना टाकल्या. ही मातूर खरंच सावडावी लागत्यात!" सुमनताई तेव्हा पहिल्यांदा हसल्या. खाचर अंधाराच्या आत पुरं झालं.

निघताना धोंडिबा म्हणाले, "तुमी आमच्या सावडीला आलात, सर. आता फेड आमच्यावर. तुमच्यात काय काम अस्तं?"

मी पत्ता लिहून दिला आणि शहरातला माणूस जाता जाता जे बोलतो तेच बोललो. "दसऱ्याआधी घराला रंग द्यायचाय. या की!"

मॅडमना सांगितलं, कुटुंबप्रमुख परत आले. त्या म्हणाल्या, "कुठून?" तो संवाद मी तुम्हाला सांगणार नाही. पण घर पूर्ण झालं होतं, म्हणून नाव टिकलं.

घरी मात्र बायकोपाशी अवाक्षर काढलं नाही. कसं काढणार? एम.ए. मराठी!

भाद्रपद सरत आला होता. मी दिवसभर हडपसरला सर्व्हे करत होतो. मोबाईलची बॅटरी संपलेली. संध्याकाळी घरी आलो तर जिन्यात ही गर्दी! खालचे काका मला बघून भिंतीला टेकले. दारात चपलांचा ढीग. आतून बायकोचं रडणं ऐकू आलं. तिच्या दोन्ही बाजूंना शेजारणी.

मी दारातूनच ओरडलो, "कोण गेलं?"

बायकोने वर बघितलं आणि सुमनताईंचीच ती किंकाळी, तिच्या गळ्यातून!

कोपऱ्यातल्या खुर्चीवर धोंडिबा बसले होते. शेजारी तांदळाचं गाठोडं, मुलाच्या हातात रंगाचे दोन नवे ब्रश. दोघांचे चेहरे अगदी बावरलेले.

"आवं सर," धोंडिबा म्हणाले, "वैनींनी दार उगाडलं. आमी म्हनलं, सावडीला आलोय. त्या म्हनल्या, कुनाच्या? आमी म्हनलं, सरांच्या. तवापास्नं ह्ये आसंच चाललंय!"

मग माझ्याकडे बघता बघता म्हाताऱ्याच्या मिशीत हसू उमटलं. ते पसरत पसरत कानापर्यंत गेलं.

"चला सर," ते म्हणाले, "रंगाचं बगू उद्या. सावड तर फिटली!"