वेल्सचं ट्रिब्युनल आणि सातवी पास मी

मंगळवारी मुलांना शाळेत सोडलं की आम्ही चार आया कार्डिफमध्ये चहाला जमतो. मुलांना शाळेत जादा मदत मिळावी म्हणून चौघींच्याही केसेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे शिक्षणाच्या कोर्टात. फायलीत कागद कमी, किस्से जास्त! त्यातले निम्मे माझेच, कारण सातवी पास आणि वर घाबरट अशी मी एकटीच.

माझी इरा सहा वर्षांची. घरी तोंड बंद नसतं, परक्यांसमोर एक अक्षर नाही. वर्गात तिच्या मदतीला कुणीतरी हवं, असं माझं म्हणणं. कौन्सिल, म्हणजे इथली नगरपालिका, म्हणाली, गरज नाही. म्हणून अपील.

*

पहिला फॉर्म लंडनमधल्या हाउन्सलोच्या नणंदेने भरून दिला. "वहिनी, यूके सगळं एकच, काळजी करू नकोस!"

आठवड्यात फॉर्म परत. सोबत अगदी गोड भाषेत पत्र: हा इंग्लंडचा. वेल्सचा कायदा वेगळा, ट्रिब्युनलही वेगळं.

नणंद म्हणाली, "अगं बाई! मग तिकडे यायला पासपोर्ट लागेल का?"

मी खूप हसले. सुनावणीला मात्र तिघांचे पासपोर्ट घेऊन गेले!

*

नव्या फॉर्मवर विचारलं होतं, सुनावणी कुठल्या भाषेत हवी? मी वेल्शवर टिक केलं. म्हटलं, त्यांच्या देशात राहतो, बरं दिसेल!

पुढचं पत्र अख्खं वेल्शमध्ये. आमच्यातली कॅरिस इथलीच. तिने वाचून विचारलं, "तुला वेल्श कितपत येतं?"

"गुड मॉर्निंग येतं."

"मग जजना तेवढं म्हण आणि घरी जा!"

फोन करकरून शेवटी मराठी दुभाषी मागितला.

*

कॅरिसला वेल्सच्या या वेगळ्या कारभाराचा भारी अभिमान. "आधी जो तो इंग्लंडकडे बघायचा. आता आमचं आम्ही उभं करतोय. इथली सगळी ट्रिब्युनल्स एका छताखाली आणायचं चाललंय."

मी म्हटलं, "आणा गं, पण इराचं झाल्यावर. मला तिसरा फॉर्म झेपायचा नाही!"

*

सुनावणीचा दिवस. समोर तिघं जण, मधल्या बाई जज. शेजारी दुभाषी, चेहरा इस्त्री केल्यासारखा. मी अर्धा तास एकच सांगत होते, "इरा परक्यांसमोर अवाक्षर काढत नाही हो!"

मग जजबाई इराकडे वाकल्या. इथे मुलांनाही विचारतात. "तुझं नाव काय?"

"इरा," मी सांगितलं.

"आवडता रंग?"

"जांभळा," मीच.

नवऱ्याने टेबलाखालून पाय मारला. मी दुर्लक्ष केलं.

"आणि शाळेत तुला काय हवंय?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात इराने आपला तळहात माझ्या तोंडावर दाबला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आई, त्यांनी मला विचारलंय!"

दुभाष्याने घसा साफ केला आणि त्याच इस्त्रीच्या चेहऱ्याने इंग्रजीत सांगितलं, "मम, दे आर आस्किंग मी."