दुपारचा पहारा

देवाला शरण जावं म्हणून माणसं घराबाहेर पडतात. मी बाहेर पडले ती त्याच्यावर चिडून, आणि हे सांगायला मला आजही लाज वाटत नाही.

आमच्या गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा खाली टेकत नाही. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात ती द्यायची, दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं आणि पुढच्याने उभं राहायचं. त्यातला दुपारचा पहारा माझ्या वडिलांचा, दादांचा. जेवणं उरकली की सगळं गाव आडवं होतं, मांडवात कुत्रंसुद्धा फिरकत नाही. त्या उकाड्यात दादा एकटे नाम घेत उभे असायचे. यंदा अर्धांगवायूने त्यांची एक बाजू गेली, बोलणंही तुटक झालं. मी त्यांची एकुलती एक. सासर परभणीत, पण त्यांच्या आजारपणामुळे झरीजवळच्या आमच्या गावी येऊन राहिले होते. सप्ताह जवळ आला तसा त्यांचा एकच धोशा सुरू झाला, "माझा पहारा... खंडू नको देऊ." मी शब्द दिला, तुमच्या जागी मी उभी राहीन.

सप्ताहाच्या पहिल्याच सकाळी मांडवामागे पोळ्या लाटता लाटता समितीच्या प्रमुखांना मी तसं सांगितलं. लहानपणापासून त्यांना मी काका म्हणत आले. ते हसले. "पोरी, बाईच्या गळ्यात वीणा देत न्हाईत. तू पोळ्याकडं बघ, तिथं हात कमी पडायलेत." पहारा दिला कुणाला, तर स्वतःच्या पुतण्याला, जो खांबाला पाठ लावून मोबाइल बघतो! गहू निवडायला बाया, मांडव सारवायला बाया, खरकटं काढायला बाया. तेव्हा कुणाचा धर्म बुडत नाही. ज्या दुपारी उभं राहायला एरवी कुणी तयार नसतं, ती दुपारसुद्धा मला मिळू नये? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि देवळातला तो विठ्ठल कमरेवर हात ठेवून गप्प. मी मनातल्या मनात त्याला म्हटलं, तूही त्यांच्यातलाच.

घरी जाऊन दादांना काय तोंड दाखवणार? त्यांच्याजवळ आई होती. मांडवाबाहेर माझी स्कूटी उभी होती, किल्ली तिलाच. पीठ लागलेल्या हातांनी मी ती चालू केली. पर्स नाही, फोन नाही, पाण्याची बाटली नाही. परभणीला जायचं तरी दोन पिशव्या भरणारी मी, त्या दिवशी जिंतूरच्या रस्त्याने कुठे चालले होते, माझं मलाच ठाऊक नव्हतं. बोरी मागे पडली. पुढे एका आडवाटेला लागले आणि ऊन डोक्यावर आलं तेव्हा एका वस्तीपाशी पेट्रोल संपून गाडी बंद पडली. लिंबाखाली छोटं देऊळ होतं आणि समोर कापडी मांडव. तिथेही सप्ताह! मला हसू आलं नाही, आणखीच संताप आला.

मांडवात एक म्हातारे धनगरबाबा वीणा घेऊन एकटेच उभे होते. मला पाहताच घाईघाईने म्हणाले, "अक्का, जरा हिकडं या. बदलीचा माणूस आला न्हाई अन् मला लय निकड हाय. एवढी वीणा धरा."

मी म्हटलं, "आबा, मी बाई आहे."

"ते दिसायलंय की! आधी धरा."

मी चपला काढल्या. त्यांनी वीणा माझ्या गळ्यात घातली आणि तेवढ्या घाईतही वाकून माझ्या पायांना हात लावला. मला रडू कोसळलं. वाकून त्यांच्या पाया पडले आणि रडतच 'रामकृष्णहरी' म्हणू लागले. बाबा परत आले, क्षणभर ऐकत थांबले. "बरं चाललंय की. मी दोन घास खाऊन येतो," म्हणून निघून गेले. स्वयंपाकाच्या बाया येऊन पाया पडून गेल्या, एक पुरुषही पाया पडला. नाव, गाव कुणीच विचारलं नाही. पाय भरून आले होते तरी ती जागा सोडवत नव्हती. बदलीचा माणूस उन्हं कलल्यावर आला. कुणीतरी आपल्या मोटारसायकलमधून बाटलीभर पेट्रोल काढून दिलं. बाबा म्हणाले, "उद्या बी या. दुपारला माणूसच भेटंना."

याला कुणी योगायोग म्हणेल, म्हणू दे. परतीच्या वाटेवर एवढंच जाणवलं, की मी एकच ठरलेलं दार मागत होते आणि त्याच दारापाशी अडून बसले होते. मला कुठे उभं करायचं ते विठ्ठलावर सोडायला मला त्या दिवशी त्यानेच शिकवलं. समितीवरचा राग गेलेला नाही, आणि तो जावा अशी प्रार्थनाही मी करत नाही.

घरी दादा दाराकडे डोळे लावून पडले होते. मी काहीच लपवलं नाही. आपल्या गावात मला उभं राहू दिलं नाही, दुसऱ्या गावात तुमचा पहारा करून आले, असं सरळ सांगितलं. मला वाटलं, ते दुखावतील. पण शब्द जुळवून जुळवून म्हणाले, "उद्या... लवकर निघ. ऊन लय हाय."

मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं.