अकरा दिवसांच्या पोरीचं नाव

लालबागच्या चाळीतल्या मालनशी स्वच्छतेच्या बाबतीत कुणी वाद घालू नये. तिनं घासलेल्या तांब्यात बघून खुशाल भांग पाडावा. असल्या बाईला चाळीमागचं, चर्चला लागून असलेलं जुनं कबरस्तान डोळ्यांत खुपणारच.

कबरस्तान दीडशे वर्षांचं. तेव्हा इकडं गोऱ्यांचे बंगले होते. पटकी आली, ताप आले, आणि साहेब, मडमा, त्यांची तान्ही पोरं एकेक करून इथं येऊन निजली. उरलेले मलबार हिलकडे सरकले. मग गिरण्या आल्या, चाळी आल्या. पुढं गिरण्याही गेल्या. उन्हाळ्यात चाळीतल्या बायका सपाट थडग्यांवर मसाल्याच्या मिरच्या वाळवत आणि पाद्री काणाडोळा करत.

मालन लग्न होऊन आली तेव्हा म्हाताऱ्या रखवालदारानं तिला एक छोटा संगमरवरी दगड दाखवला होता. "ही अकरा दिवसांची पोर." पुढल्याच वर्षी मालनची स्वतःची पहिली मुलगी दहाव्या दिवशी गेली. बाराव्याला बारसं व्हायचं, ते राहूनच गेलं. एवढ्याशा जिवाला जाळत नाहीत, पुरतात. नवरा रघु तिला कापडात गुंडाळून वरळीला घेऊन गेला. बायकांनी जायचं नसतं, त्यामुळं मालननं ती जागा कधी पाहिली नाही. पुढं दोन मुलगे झाले, सुना आल्या. त्या पोरीचा विषय मात्र नवरा-बायकोत पुन्हा निघाला नाही. पण दर दिवाळीला देव घासून झाले की उरलेली चिंच घेऊन मालन कबरस्तानात जायची आणि तो छोटा दगड पांढराशुभ्र करून यायची. लेकराला न्हाऊ घालावं तशा मायेनं घासायची.

यंदा चर्चनं कबरस्तान नीटनेटकं करायला काढलं. प्रिती नावाची मुलगी एकेक दगड वाचून नावं उतरवू लागली. ज्याच्यावरचं नाव वाचता येईल तो दगड जागेवर राहणार, बाकीचे उचलून भिंतीशी रचणार. चर्चच्या दफनाच्या जुन्या नोंदवह्या वाळवीनं कधीच फस्त केल्या होत्या.

छोट्या दगडापाशी प्रिती अडली. "बाकीचे बरे वाचता येतात. ह्याचीच अक्षरं कशी गेली? कुणीतरी आंबट लावून घासलाय. संगमरवर झिजतो त्यानं."

शेजारी मिरच्या उलटत असलेली मालन जागच्या जागी बसली. आपल्या पोरीला नाव मिळालं नाही, आणि हिला होतं ते आपण चिंचेनं पुसलं. तिला भडभडून आलं.

"मीच घासलाय गं. देव घासते तसा, दर वर्षी." मग तिनं सगळंच सांगून टाकलं, आपल्या मुलीसकट.

प्रिती रागावली नाही. दगडावरून बोटं फिरवत म्हणाली, "आजी, घरी आरसा आहे?"

मालननं भिंतीवरचा आरसा खिळ्यासकट उपटून आणला. प्रितीनं तो दगडाच्या कडेला खाली धरून त्यावरून दगडावर ऊन आडवं पाडलं. आधी काहीच दिसेना. आरसा इकडं सरकव, तिकडं सरकव करता करता दगडात बारीक सावल्या उमटल्या. प्रितीनं एकेक अक्षर जुळवलं.

"हॅरिएट. वय अकरा दिवस."

"हॅरेट," मालन म्हणाली. नीट जमेना, तरी म्हणत राहिली. मग तिनं विचारलं, "अकरा दिवसांत नावसुद्धा ठेवलं होतं?"

"पोर जगेल की नाही असं वाटलं तर लगेच ठेवायचे त्यांच्यात. थांबायचे नाहीत."

दगड जागेवर राहिला. मालन आरसा घेऊन घरी आली. रघु टीव्हीपुढं होता. तिनं टीव्ही बंद केला.

"अवो, आपल्या चेडवाचा नाव ठेवूचा रवला हा."

कुठली मुलगी, असं रघुनं विचारलं नाही. तो पायाच्या बोटांकडं बघू लागला.

"मी तेवाच ठेवलंय गो," तो म्हणाला. "वरळीक नेताना, वाटेत. शेवंती."

मालन डोळे पुसून उठली आणि तिनं बारशाच्या घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घातले.