खुर्च्यांचा चौरस

एका रविवारी सकाळी आमच्या बेव्हर्ली पार्कातल्या सोसायटीच्या हॉलमध्ये गणितावर व्याख्यान होतं. दहावीला मी गणितात दोनदा नापास झालेली. पण शेजारच्या गुजराती भाभींना एकटीने जायचं नव्हतं, म्हणून गेले.

कॉलेजातून निवृत्त झालेल्या एक बाई बोलायला आल्या होत्या. बोलत होत्या मराठीत. भाभी दर वाक्याला विचारायच्या, "क्या बोला?" मी कुजबुजत हिंदीत सांगायचे. हळूहळू मागच्या रांगेतलेही पुढे वाकून ऐकायला लागले. बाई बोलायच्या थांबल्या. वाटलं, आता मला वर्गाबाहेर काढल्यासारखं काढणार.

"तुम्ही पुढे या," त्या म्हणाल्या. "माइकवर सांगा हिंदीत. माझं हिंदी काही खरं नाही."

मी उठून पुढे गेले. बाईंनी प्लास्टिकची एक खुर्ची ठेवली. तिच्या शेजारी, मागे आणि कोपऱ्यात अशा आणखी तीन. चारांचा चौरस झाला. त्याला लागून पाच मांडल्या, नऊंचा झाला. मग सात, सोळांचा.

"एक, तीन, पाच, सात... विषम संख्या ओळीने मिळवल्या की दर वेळी चौरसच. का बरं?"

मी प्रश्न हिंदीत सांगितला आणि अडकले. माइक खाली घेतला. "बाई, मलाच नाही कळलं."

"बरं झालं बोललात. आपण परत मांडू."

या वेळी खुर्च्या मी मांडल्या. पाच मांडताना दोन एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, एक कोपऱ्यात. सात मांडताना तीन, तीन आणि कोपऱ्यात एक. दोन्ही बाजू एकेका खुर्चीने लांबत होत्या. मग नव्या खुर्च्या दर वेळी आधीपेक्षा दोनच जास्त लागणार ना!

"अरे, हर बार दो ही बढ़ेंगे!" मी माइकशिवायच ओरडले. भाभींनी टाळ्या वाजवल्या.

चहाच्या वेळी बाईंना माझ्या नापास होण्याचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तेव्हा 'कळलं नाही' म्हणायची सोय होती का वर्गात?"

"नव्हती."

"मग त्यात तुमची काय चूक?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी म्हटलं नव्हतं. डोळे भरून आले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. मुलांपासून आजवर लपवलेली ती दोन वर्षं त्याच दिवशी जेवताना सांगून टाकली, आणि ताटाशेजारी लिंबं मांडून त्यांना चौरसही करून दाखवला.