धोंड्याच्या महिन्यात वाळलेला डोंगा

डोंगा उन्हाळ्यात पाण्याखाली बुडवून ठेवायचा असतो. हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण आमच्या घरात हे ज्याला सांगायला हवं होतं, त्याला कोणी सांगितलं नाही.

आम्ही भोई. माझं माहेर रिसोडच्या खालच्या अंगाला, पैनगंगेच्या काठी. बाचा एक डोंगा होता, आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेला, लांबीला बैलगाडीपेक्षा मोठा आणि दिसायला गुरांच्या गव्हाणीसारखा. पावसाळाभर बा त्यातून दोन्ही काठांच्या लोकांना नदीपार करायचा आणि त्याच्या बदल्यात सुगीत दोन्हीकडच्या खळ्यांवरून ज्वारी आणायचा. पूर ओसरला की त्याच डोंग्यातून जाळी टाकायचा. मला भाऊ नव्हता. घरात कमावतं कोण, असं कोणी विचारलं असतं, तर मायनं बाच्या आधी डोंग्याकडे बोट दाखवलं असतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला नदी आटायची आणि नुसते डोह उरायचे. अशा वेळी डोंगा काठावर उन्हात पडू दिला तर लाकूड तडकतं. म्हणून बा तो सगळ्यात खोल डोहात न्यायचा, त्यात ओळीनं दगड रचायचा आणि पाणी भरून तळाला बसवायचा. मृगाच्या आधी दगड काढायचे, म्हणजे डोंगा आपोआप वर येतो. मग सावलीत पालथा घालून डांबर द्यायचं. गावात हे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यावर कोणी कधी बोलत नसे.

माझं सासर वाशीमहून शिरपूरला जाताना लागणाऱ्या एका तळ्याच्या काठी. तेही भोईच, पण त्यांचा धंदा शिंगाड्यांचा. तळं उथळ आणि वेलींनी भरलेलं. त्यात डोंगा चालत नाही. ती मंडळी वाळलेले मोठे भोपळे अंगाशी बांधून पाण्यात उतरत आणि शिंगाडे तोडत. भोपळ्याचं असं असतं की तो पाण्यातून काढला रे काढला की उन्हात टाकायचा आणि खडखडीत वाळवायचा. ओला राहिला तर आतून कुजतो, आणि कुजल्याचं तळ्याच्या मध्यावर गेल्यावर कळतं. माझा नवरा या बाबतीत फार काटेकोर होता. (लिहिताना मी त्याला ‘तो’ म्हणते आहे. समोर कधी म्हटलं नाही.) जाळी तो बाभळीच्या सालीच्या काढ्यात भिजवायचा आणि सावलीतच वाळवायचा. गळांना गंज चढू नये म्हणून ते पुसून, तेलाचं बोट लावून ठेवायचा. सुताला त्याच्या हातचा पीळ असा बसे की तो उकलायला दात लावावे लागत. निष्काळजी माणूस असता तर पुढचं काहीच झालं नसतं.

लढाईचे दिवस होते. त्या साली अधिक महिना ज्येष्ठात आला, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या शेवटी. लग्नानंतरचा आमचा तो पहिलाच धोंड्याचा महिना, म्हणून बानं जावयाला बोलावणं धाडलं. या महिन्यात जावई देव असतो. त्याचे पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, धोतर द्यायचं. त्याच्याकडून काम करून घ्यायचं नाही आणि त्याला उणा शब्द बोलायचा नाही. देवानं दिवसभर काय करायचं, हे मात्र कोणी ठरवून दिलेलं नाही.

नवऱ्याला बसून खायची सवय नव्हती. आल्या आल्या त्यानं बाची फाटकी जाळी विणायला घेतली, ती मायनं मला सांगून त्याच्या हातातून काढून घेतली. मग बा डांबर शोधायला वाशीमला गेला. लढाईपायी डांबर, पत्रा, घासलेट सगळंच दिसेनासं झालं होतं, तेव्हा चार-दोन दिवस लागणार होते. इकडे देव डोहावर आंघोळीला गेला आणि बुडी मारून पाहतो तर तळाला डोंगा.

त्याला काय वाटलं ते त्यानं मला मागाहून सांगितलं. सासऱ्याचा डोंगा बुडाला. तो वर काढणं सासऱ्याला एकट्यानं होत नाही, आणि जावयाजवळ बोलायची त्याला लाज वाटते. आत दगड होते, ते दरडीवरून पडले असावेत. पण ते ओळीनं रचलेले होते ना, असं मी विचारलं.

“नीटच पडेल होते,” तो म्हणाला.

बाला आल्यावर खूश करायचं म्हणून त्यानं कोणाला काही सांगितलं नाही. दगड काढले. एका शेतकऱ्याकडे बैलजोडी मागितली. धोंड्याच्या जावयाला नाही कोण म्हणणार, आणि तुमचं चुकतंय असं तरी कोण सांगणार? डोंगा ओढून काळ्या खडकावर घातला आणि भोपळा वाळवतात तसा वाळवला. रोज दुपारी जाऊन, खाली वासा घालून, तो कूस बदलून ठेवायचा, सगळीकडून सारखं ऊन लागावं म्हणून. मी घरात पुरण वाटत होते. तो उन्हानं काळवंडून हसत घरी यायचा आणि मला वाटायचं, माझं माहेर याला मानवलं.

बा डांबराशिवाय परत आला. त्यानं गुळपाणी घेतलं न घेतलं तोच जावई त्याला डोहावर घेऊन गेला. मीही मागे गेले. डोंग्याचा रंगच बदलला होता. पुढच्या टोकापासून निम्म्यापर्यंत भेग पडली होती, आत बोट जाईल एवढी. काल दुपारी नव्हती, असं नवरा म्हणाला.

बानं भेगेत बोट घातलं आणि बाहेर काढलं. मग जावयाकडे पाहिलं.

“जवाईबापू,” तो म्हणाला, “वाळला हाय चांगला.”

“व्हय मामाजी. बुडेल होता. म्या काढला.”

“चला,” बा म्हणाला. “जेवून घेऊ.”

खरं काय ते नवऱ्याला परसात मी सांगितलं. मृग तोंडावर आला होता. नदीला पाणी यायच्या आत डोंगा दुरुस्त झाला नाही, तर खालच्या गावचा नावाडी आपली नाव घेऊन वर येणार, हे उघड होतं. तो वर्षानुवर्षं टपून बसला होता. एकदा नदीपार करायचं काम त्याच्या हाती गेलं की दोन्ही काठांची ज्वारी त्याच्या घरी जाणार, आणि मग माय-बांनी म्हातारपणी खायचं काय? मला नवऱ्याची लाज वाटली.

त्या दिवशी बानं जावयाचे पाय धुतले. ताटात धोंडे वाढले, वर तूप वाढलं. नवरा ताटात धोंडा नुसता कुस्करत होता आणि बा म्हणत होता, “घ्या, आनखी एक घ्या.” माय जावयाला काहीच बोलली नाही. चुलीला, मांजराला आणि शेजारणीच्या कोंबडीला मात्र तिनं त्या दिवशी पोटभर ऐकवलं.

“तुह्या बानं एक खेप शिवी देली असती त सुटलो असतो,” नवरा मला म्हणाला.

“धोंड्याचा महिना हाय,” मी म्हटलं. “तुमाले शिवी कोन देईन?”

खरं सांगायचं तर तेव्हा नवऱ्यापेक्षा मला बाच्या गोड बोलण्याचाच जास्त राग आला होता.

भेग भरायला कापसाची बारीक, घट्ट पिळाची दोरी लागते. सैल दोरी पाणी पिते आणि निसटते. बाची बोटं वातानं आखडलेली, आणि नवऱ्यासारखी दोरी वळणारा गावात दुसरा कोणी नव्हता. पण नवरा जावई. तो कापूस घेऊन बसला तर बानं त्याच्यापुढे हात जोडले. “राहू द्या. पाप लागते,” म्हणाला. नवरा उठला. मग बा भेगेकडे बघत बसायचा आणि नवरा बाकडे, आणि आभाळ रोज थोडं थोडं भरून यायचं.

मला राहवलं नाही. मुलीला काम सांगायला कुठल्याच महिन्याची आडकाठी नसते. मी कापूस घेतला, त्या दोघांच्या समोर जाऊन बसले आणि दोरी वळू लागले. मला ती नीट येत नव्हती, त्यातून मी ती मुद्दाम आणखी वाईट वळली. नवऱ्याला वाईट पीळ बघवत नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्यानं जरा वेळ सोसलं. मग माझ्या हातातून कापूस ओढून घेतला.

बानं ते पाहिलं. तो उठला, आमच्याकडे पाठ केली आणि नदीकडे तोंड करून बसला.

पुढचं सगळं काम असंच झालं. नवरा काम करी आणि ते बाला दिसत नसे. बा पलीकडच्या काठाशी बोलत असे.

“भेग जठी सरते तठी भोक पाडा लागते,” तो त्या काठाला सांगे. “नाई त भेग पुढं चालत जाते.”

नवरा भोक पाडी.

“लाकूड कोरडं असतानीच दोरी ठोका लागते. पानी मंग.”

नवरा ठोकी. डांबर नव्हतं, म्हणून करडईचं तेल कढवून कढवून त्याचं रोगण केलं, मोटेच्या चामड्याला लावतात तेच. त्यात राळ घातली. दोरी त्यात बुडवून लाकडी पाचरीनं भेगेत बसवली, एकीवर एक, भेग भरेपर्यंत. वरून घासलेटच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून खिळ्यांनी ठोकला आणि पुन्हा रोगण दिलं. ते सावलीत सुकलं की डोंगा परत बुडवायचा, म्हणजे लाकूड फुगतं आणि दोरीला आवळून धरतं. कोणाला भेग बुजवायची असेल तर त्यानं हाच क्रम ठेवावा. पाठ करून बसलेला माणूस जवळ असला तर बरं, नसला तरी जमतं.

डोंगा बुडवताना दगड मात्र बानं स्वतः रचले. तेवढ्यापुरता तो आमच्याकडे वळला होता.

नदी आली तेव्हा धोंड्याचा महिना सरला होता. खालच्या गावचा नावाडीही आला होता, सहज म्हणून, हात मागे बांधून. बानं डोंग्यात सगळ्यांआधी जावयाला बसवलं, बरोबर भेगेवर, अनवाणी.

“ओल लागते काय?”

“नाई.”

मध्यावर गेल्यावर त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. पलीकडच्या काठावर लोक गाठोडी घेऊन उभे होते, ते चढले. खालच्या गावचा नावाडी आपल्या घरी गेला.

मला वाटलं, आता महिना सरला, आता बा काय ते बोलेल. बोलला नाही. नवरा तो पावसाळा तिथंच राहिला, पुढचाही राहिला. बाच्या हाताला वल्हं जड होत गेलं तसं ते नवऱ्याच्या हातात आलं. दर आखाजीला डोंगा बुडवायची वेळ झाली की नवरा बाच्या तोंडाकडे बघायचा, आणि बा म्हणायचा, “बुडवून टाका, जवाईबापू.” बस. चांगल्या वागण्याचा इतका जाच मी दुसऱ्या कोणाच्या घरी पाहिला नाही. नवरा साऱ्या गावाशी हसून बोले, पण बासमोर गेला की त्याची मान खाली. मला ते बघून वाईट वाटायचं. एकदा मी बाला म्हटलंसुद्धा, “बोलून मोकळे काहून होत नाई तुमी?” तर बा म्हणाला, “कायचं बोलू?”

मग एका उन्हाळ्यात बा खाटेवरून उठेनासा झाला. पुढचा पूर तो बघणार नाही हे आम्हाला कळलं होतं, त्यालाही कळलं होतं. आखाजी झाली. नवरा डोहावरून ओल्या धोतरानं आला आणि खाटेजवळ खाली बसला.

“बुडवला काय डोंगा?” बानं विचारलं.

“व्हय मामाजी.”

“दगडं ठेवले?”

“ठेवले.”

“मोठाले ठेवा,” बा म्हणाला. “जवाई लोक येतात.”

चुलीपाशी माय हसली. नवऱ्यानं मान वर केली आणि बाकडे सरळ पाहिलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. “व्हय,” म्हणाला. मग त्याच ओल्या धोतरानं उठला, भर उन्हात डोहावर गेला आणि आणखी दगड ठेवून आला.