दौंडहून शिरूरला, वहिनींबरोबर कापणीच्या सणाला

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी शालिनीवहिनींचा फोन आला. "शिरूरला रविवारी कापणीचा सण हाय. येतीस का? वझं लई हाय, मला एकटीला उचलायचं न्हाई." मी "येते" म्हणताच त्यांनी फोन ठेवला.

मी तसाच रिसीव्हर हातात धरून उभी राहिले. चार महिन्यांत वहिनींनी स्वतःहून केलेला हा पहिला फोन होता.

माझा थोरला भाऊ प्रकाशदादा दौंडला रेल्वेत पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांसाठी रूळ बदलणारा, होता. जुलैमध्ये ड्युटीवर असतानाच छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आत गेला. दादा-वहिनींना मूलबाळ नाही. मी खडकीला आईबरोबर राहते, शाळेत शिकवते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांची शब्बाथशाळा घेते. त्यामुळे दुःखाच्या घरी काय बोलायचं ते मला येतं, असा मंडळीत सगळ्यांचा समज आहे. माझाही होता. दादाच्या शवपेटीजवळ बसलेल्या वहिनींच्या खांद्यावर हात ठेवून मी म्हणाले होते, "देवाची इच्छा होती, वहिनी. त्यानंच त्याला विसाव्याला बोलावलं. रडू नका." वहिनींनी खांदा काढून घेतला. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. त्यानंतर मी फोन केला की "बरी हाय" आणि "ठेवते" यापलीकडे बोलणं होत नसे.

तेव्हा "येते" म्हणाले ते सणापेक्षा त्या खांद्यासाठी.

शनिवारी सकाळी पुणे स्टेशनवरून दौंडची शटल पकडली. ज्यांना जायचंय त्यांनी गाडीच्या अर्धा तास आधी पोचावं, म्हणजे खिडकी मिळते. तिकीट इतकं स्वस्त की रिक्षाने स्टेशनवर यायलाच जास्त लागतात. हडपसर, लोणी, उरुळीपर्यंत गर्दी असते, यवतनंतर डबा सैल होतो आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू होतो. केडगावला एक बाई भुईमुगाच्या शेंगांची पाटी घेऊन चढल्या. मीठ लावून उकडलेल्या ओल्या शेंगा, द्रोणभर. दौंड येईपर्यंत त्याच खात होते आणि वहिनींशी पहिलं वाक्य काय बोलायचं ते मनात जुळवत होते.

जुळवलेलं काही कामी आलं नाही. रेल्वे कॉलनीत वहिनींच्या क्वार्टरचं दार मंगलताईंनी उघडलं. या शेजारच्या. यांचे मालकही रेल्वेतच आहेत. मंगलताई बौद्ध, सकाळी त्यांच्या घरातून वंदना ऐकू येते आणि वहिनींच्या घरातून गीतं, मधली भिंत एकच. निदान दादा होता तोवर तरी गीतं ऐकू यायची.

"या ताई. शालूबाई परसात हायती. च्या घ्या आधी," म्हणत त्यांनी आपल्याच घरच्यासारखा स्टोव्ह पेटवला.

परसात दुधी भोपळ्याचा वेल कुंपणावर चढून शेजारच्या छपरापर्यंत गेला होता. दादानं पावसाच्या तोंडावर लावलेला. वहिनी विळा घेऊन एकेक दुधी देठापासून कापत होत्या. आठ निघाले, एकेक हातभर लांब. "ह्येच न्यायचे हायती देवाला. मला शेत न्हाई, दुसरं काय नेऊ?" त्या म्हणाल्या. मग मला दोन दुधी उचलून दिले.

संध्याकाळी भाकरी थापताना मी विषय काढला. "वहिनी, त्या दिवशी मी जे बोलले..."

"पीठ संपत आलंय, त्या डब्यातलं काढ," वहिनी म्हणाल्या. मी पीठ काढलं. पुढचं बोलायचं राहिलंच.

रविवारी सकाळी सातला दौंडच्या स्टँडवर. शिरूरला थेट एसटी मोजक्याच असतात. ती चुकली तर चौफुल्यापर्यंत मिळेल ते धरायचं आणि तिथून न्हावऱ्याची गाडी बघायची. दोन तास धरून चाला. आम्हाला थेट मिळाली. आठ दुधी दोन पिशव्यांत, एक माझ्या मांडीवर, एक वहिनींच्या. तिकीट फाडताना कंडक्टर म्हणाले, "बाजाराला चाललाय व्हय मावशी?"

"न्हाई, देवाला."

"कुठल्या देवाला दुधी लागतो?"

"चर्चात. कापणीचा सण हाय."

त्यांनी पिशवीत डोकावलं. "झ्याक हायती. आमच्या रानात ह्या वर्षी कायबी आलं न्हाई." मग सुट्टे पैसे परत देता देता हळूच म्हणाले, "आमच्याबी नावानं काय म्हणायचं आसंल तर म्हणा."

वहिनींनी मान डोलावली. त्या काही हसल्या नाहीत. काम सांगितल्यासारखं त्यांनी ते घेतलं.

पारगावला भीमेचा पूल लागतो. ह्या दिवसांत पाणी भरपूर असतं आणि सकाळचं धुकं पाण्यालगत पसरलेलं. पुढे न्हावऱ्यापर्यंत ऊस भरलेल्या बैलगाड्यांमागून एसटी सावकाश जाते. घाई असेल तर चिडचिड होईल, नसेल तर बघण्यासारखं खूप आहे. ज्वारी गुडघ्याएवढी झाली होती. वहिनी पहिल्यांदाच आपणहून बोलल्या. "ह्या वाटंनं लग्न करून गेले मी. ह्येच वळण. तुझा दादा गाडी लागून उलट्या करीत हुता, आन् मी नवी नवरी त्याचं डोकं धरून." आम्ही दोघी हसलो.

शिरूर वहिनींचं माहेर. चर्च स्टँडपासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर. कापणीचा सण ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: शेतात जे पिकलं त्यातलं चांगलं ते लोक उपकारस्तुतीला आणतात. वेदीपुढे बाजरीची पोती, कांदे, भोपळे, हिरव्या मिरच्यांची टोपली आणि पाय बांधलेले चार-पाच कोंबडे, जे उपासना चालू असताना मध्येच आरवतात आणि कोणी मनावर घेत नाही. आमचे आठ दुधी मी एका रांगेत मांडले.

प्रार्थनेनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" म्हणजे देवानं वर्षभरात काय केलं ते मंडळीला सांगायचं. एकाची मोटर जळता जळता वाचली होती, एकीच्या मुलीला नोकरी लागली होती. आणि मग माझ्या शेजारून वहिनी उठल्या. इतक्या वर्षांत त्यांना चार लोकांत बोलताना मी ऐकलेलं नव्हतं.

"मला बोलता येत न्हाई," त्यांनी सुरुवात केली. "आमचे मालक गेले आषाढात. तवापासून मी प्रार्थना केली न्हाई. चर्चात गेले न्हाई. लोकं यायची, बायबलातली वचनं सांगायची. मी दार लावून बसायची." माझी मान खाली गेली. "माझी शेजारीण रोज सकाळी च्या घेऊन यायची. ती आपल्यातली न्हाई. काय बोलायची न्हाई. मी पेईपर्यंत बसायची आन् कप घेऊन जायची. चार म्हैने. एका दिवशी मला वाटलं, देव मला सोडून गेला म्हणते मी, मग हिला रोज कोण धाडतंय?"

कुठूनतरी एक कोंबडा ओरडला. वहिनी थांबल्या, आणि तो गप्प झाल्यावर पुढे बोलल्या.

"माझा राग गेला न्हाई. अजून हाय. पण त्याच्या घरी येऊन त्याच्या तोंडावर सांगावं म्हणून आले. आन् च्याबद्दल उपकार मानते."

त्या बसल्या. एरवी साक्ष झाली की पाळकसाहेब दोन शब्द जोडतात. आज ते चष्मा काढून पुसत राहिले. मागच्या बाकावरचे एक म्हातारे आबा तेवढे हळूच "आमेन" म्हणाले. खाली बसल्यावर वहिनींचे ओठ मात्र हलत होते, आणि त्यात त्या कंडक्टरच्या रानाचा उल्लेख मी स्पष्ट ऐकला.

उपासनेनंतर लिलाव. याची गंमत अशी की घेतलेली वस्तू लोक पुन्हा वेदीपुढे ठेवतात आणि ती पुन्हा विकली जाते. वहिनींचा सगळ्यात मोठा दुधी त्याच आबांनी घेतला आणि परत ठेवला, मग एका शिक्षिकाबाईंनी घेतला आणि परत ठेवला. पाचव्या वेळी मीच बोली लावली, तर वहिनी म्हणाल्या, "घरात वेल हाय अन् इकत घेतीस?" सगळे हसले, वहिनीसुद्धा. जेवणाला मटणाचा रस्सा आणि बाजरीची भाकरी, मंडळीनंच रांधलेलं, पंगतीत. पाहुण्याला नको म्हणायची सोय नाही.

वहिनी चार दिवस माहेरी राहणार होत्या. मला सोडायला स्टँडवर आल्या. पुण्याची गाडी लागलेली नव्हती, आम्ही बाकावर टेकलो. या वेळी मी पीठ काढायची वाट बघितली नाही. "वहिनी, चुकलं माझं. तुम्हाला रडू नका म्हणाले."

वहिनी समोरच्या गाड्यांकडे बघत म्हणाल्या, "तू बोललीस त्ये खोटं न्हाई, सुनीला. पण तवा मला वचन नको हुतं. तुझाबी भाऊ गेला हुता की. तू माझ्यासंगं रडली आस्तीस तर मला बरं वाटलं आसतं." मग त्यांनी विचारलं, "तू रडलीस का गं कवा?"

मी नाही म्हणाले. गाडी लागली. चढताना त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मी जागेवर बसेपर्यंत खिडकीखाली उभ्या राहिल्या.

शिरूरहून पुण्याला गाड्या भरपूर, काळजी नको. फक्त रविवारी संध्याकाळी रांजणगावच्या पुढे कंपन्यांची आणि वाघोलीला बाकी सगळ्यांची गर्दी लागते, तेव्हा वेळेचा हिशोब सैल ठेवा. मला तो उशीर बरा वाटला. खिडकीकडे तोंड करून मी शिक्रापूर ते वाघोली रडले. शेजारच्या काकांनी काही न विचारता पेपर उघडून धरला.

घरी पोचले तर आई जेवायची थांबली होती. तिला सगळं सांगितलं, साक्षसुद्धा. मला वाटलं ती म्हणेल, बरं झालं, शालू चर्चला गेली. आई ताटं मांडता मांडता म्हणाली, "शालूला निदान राग आलाय असं म्हणता आलं. मला तू म्हणालीस, आई, आपण विश्वासातली माणसं, लोकांसमोर धीर धर. मी धरला. अजून धरलाय. किती दिवस धरायचा असतो गं?"

मी पाट सरकवून तिच्याशेजारी बसले. मग आई बोलायला लागली. प्रकाश दोन महिन्यांचा असताना अंगावर दूध पिता पिता थांबून तिच्याकडे कसा बघायचा, पहिल्या पगारातून त्यानं तिला आणलेली चप्पल कशी एक नंबर लहान निघाली आणि तरी तिनं ती कशी वापरली. ती रडली, मीही रडले. दादा गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र पहिल्यांदा.

जेवणाआधीची प्रार्थना आमच्या घरात मीच करते, आणि माझी प्रार्थना लांब असते. त्या संध्याकाळी "प्रभू" एवढं म्हणून मी थांबले. पुढचं येईना. आईनं थोडा वेळ वाट पाहिली आणि मग तिनंच ती पुरी केली.

"प्रभू, आमचा प्रकाश तुझ्याकडं आहे. आम्हाला त्याची आठवण येते. आमेन."

आणि तिनं माझ्या ताटात भाकरी वाढली.